खंडेनवमीची कानस

"अजून एकदा दाब," दाजी आतून म्हणाले.

मी दोन्ही तळव्यांनी काच खाली दाबली. दाजींनी आतून खिट्टीचा दांडा ओढला. दांडा सरकला, आणखी सरकला आणि लाल रेघेच्या अलीकडे नखभर अंतरावर अडला.

"बसत न्हाई."

"काल बसत हुता की," मी म्हणालो.

"काल दुपारचे दोन वाजले होते. पत्र्याखाली काच तापली होती. आता हात लावून बघ."

काच गार होती. उजाडून पाव तास झाला असेल. माळावरच्या गवताने माझी पँट गुडघ्यापर्यंत ओली केली होती. दाजी विमानातून उतरले, खिशातली वही काढून त्यांनी काहीतरी लिहिलं आणि चष्मा कपाळावर सरकवून माझ्याकडे पाहिलं.

"गारव्यात काच आक्रसते, चौकट ओढते. आकडा खुंटीवर पुरता चढत न्हाई. आतल्या बाजूनं एक मिलीमीटर घासायला पाहिजे, जोती. दहा मिनिटांचं काम आहे."

"आज खंडेनवमी हाय, दाजी."

"मग?"

"हत्यारं काल सांजेलाच धुऊन मांडल्यात. आता उचलायची न्हाईत. उद्या दसरा झाल्याशिवाय माझ्या दुकानात कानशीला कुणी हात लावत न्हाई."

दाजींनी वही मिटून खिशात घातली. मग म्हणाले, "बरं."

हे बोलणं झालं त्याला आता एकोणीस वर्षं झाली. त्यातला एकही शब्द मी विसरलेलो नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान, हिंदुराव चौगुले. वायुदलात तीस वर्षं फिटर होते. दुसऱ्यांची विमानं तपासून त्यावर सही करायची, हे त्यांचं काम. निवृत्त होऊन कोल्हापूरला आले आणि लोक बंगला बांधतात तसं यांनी विमान बांधायला काढलं. दोन माणसांचं, नकाशे मागवून, घरच्या घरी. पन्नाशी उलटल्यावर लांबच्या फ्लाइंग क्लबात जाऊन उडवायचा परवानाही काढून आले. साखर कारखान्याच्या माळावर कधीकाळी कुणा मंत्र्याच्या दौऱ्यासाठी धावपट्टी केली होती, पुढं तिच्यावर म्हसरं चरायची. तिच्या कडेला पत्र्याची शेड मारून सहा वर्षं हा माणूस रिबिटं मारत बसला. गावाने यथेच्छ चेष्टा केली. मीही केली, पण शेवटी विमानाचे निम्मे सुटे भाग माझ्याच लेथवर झाले.

माझं दुकान गुऱ्हाळाच्या चरकांचं. चरकाचे रोलर, बुश, दांडे. त्या कामात पंचक्रोशीत माझ्याइतका हात कुणाचा नाही, असं लोक म्हणायचे आणि मलाही ते पटायचं. दाजींना नाही पटायचं. ते मापाची पट्टी घेऊन यायचे, पातळ पाती फटीत सारायचे आणि मान हलवायचे. डोक्यावर झाकणासारखी बसणाऱ्या काचेच्या खिट्टीचा आकडा त्यांनी तीनदा परत पाठवला. तिसऱ्या वेळी दुकानात माझी सगळी माणसं होती. दाजी सहज म्हणाले, "हा चरक न्हाई, जोती. चरकाला ऊस चुकला तर परत घालता येतो."

माणसं हसली. मीही हसलो. पण ते वाक्य माझ्या डोक्यात जाऊन बसलं, ते तिथून हललं नाही. मी तसाच आहे, मनाला लावून घेणारा. आक्का लहानपणापासून म्हणते, ह्याला शब्द लागला की गळू होतं.

चौथा आकडा मी जीव ओतून केला. स्टेनलेस स्टीलचा, आरशासारखा घासलेला. भर दुपारी शेडमध्ये बसवला, दांडा टक्कन लाल रेघेवर आला. दाजींनी पाच वेळा उघडझाप केली आणि पाठीवर थाप मारली. "आता जमलं." त्या थापेवर मी आठ दिवस चालत होतो. आणि आता खंडेनवमीच्या सकाळी पुन्हा तेच, एक मिलीमीटर.

दाजींकडे स्वतःच्या कानशी नव्हत्या असं नाही. पण त्यांचा एक नियम होता, वायुदलातून आणलेला. भाग ज्याने केला त्यानेच दुरुस्त करायचा आणि वहीत त्याचंच नाव लागायचं. दुसऱ्याच्या कामाला ते स्वतःही कानस लावायचे नाहीत. शिवाय आक्काने त्यांचीही हत्यारं उचलून आदल्या दिवशीच माझ्या दुकानात पूजेला आणून मांडली होती. दरवर्षी तसंच असायचं. भावाची आणि नवऱ्याची हत्यारं एकाच पाटावर.

दहा वाजता आक्का आली. तिने लेथला हार घातला, पाटावरच्या एकेका हत्याराला हळदकुंकू लावलं, झेंडूचं फूल ठेवलं. माझी बारीक गोल कानस मधोमध होती, तिलाही लावलं.

"उद्या उडणार म्हणं," ती म्हणाली. "मला रात्रभर झोप न्हाई बघ."

"सहा वर्षांपूर्वी सांगायचं हुतंस मग. आता काय, निम्मं गाव येणार हाय बघायला."

"तू हाईस न्हवं तिथं?"

"मी हाय की."

"मग झालं."

ती प्रसाद ठेवून गेली. दुकानाला सुट्टीच होती. मी दुपारी जेवून आलो आणि मागच्या अंगणात कबुतरांपाशी बसलो. खुराड्याच्या दाराची कडी दोन दिवस अडत होती. दार नीट लागत नव्हतं आणि गल्लीतलं मांजर सवकलं होतं. कडी काढून बघितली, टोक जरा जाड होतं. मी आत गेलो आणि पाटावरची कानस उचलली. फूल बाजूला सरकवलं. कडी घासली, खुराड्याला बसवली, लागते का ते बघितलं. मग कानस फडक्याने पुसून होती तिथं परत ठेवली आणि फूलही ठेवलं. दहा मिनिटांचं काम.

तेव्हा मनात काही आलं नाही म्हणालो तर ते खोटं ठरेल. कानस हातात घेतल्या घेतल्या मला दाजींचा आकडा आठवला. मोटरसायकल दारात उभी होती. माळ सहा किलोमीटर. मी स्वतःशी म्हणालो, उद्या दुपारपर्यंत थांबू देत की. जरा त्यांनाही कळू दे, जोतीवाचून अडतं. एवढंच मनात होतं, याहून मोठं काही नव्हतं. देवाधर्माशी माझा संबंध पूजेच्या पेढ्यापुरता, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

दसऱ्याच्या सकाळी मी कापडी पिशवी घेऊन माळावर पोचलो तेव्हा दीड-दोनशे माणसं जमली होती. विमानाला झेंडूचा हार, पंख्याला आंब्याची डहाळी. आक्का नव्या लुगड्यात, हातात आरतीचं ताट घेऊन दोरीपलीकडे बायकांत उभी होती. दोरीच्या आत दाजी आणि मी, दोघेच. पोराटोरांना आत सोडायचं नाही ही दाजींची सक्त ताकीद होती.

दाजींनी मला लांबूनच पाहिलं आणि ते चार पावलं पुढं आले. त्यांचं लक्ष माझ्या पिशवीकडे होतं.

"आलास. पिशवीत काय?"

"नारळ हाय. आन् सोनं." आपट्याची पानं मी सकाळीच तोडून घेतली होती.

"आणि?"

"आनी काय?"

"काय न्हाई," ते म्हणाले आणि हसले. "आण नारळ."

नारळ फोडला. आक्काने दोरीवरूनच त्यांना ओवाळलं. त्यांनी विमानाला एक फेरी मारली, चाकं, पंख, शेपटी, सगळं हाताने हलवून बघितलं आणि आत जाऊन बसले. समोरच्या फळीवर त्यांनी स्वतःच्या अक्षरात एक चिठ्ठी चिकटवली होती. ती मी आधी शंभरदा वाचली होती. "काच उघडली तर उघडू दे. विमान उडव." अशी काच हवेत उघडली तरी विमान बहुतेक वेळा उडत राहतं, माणूस काच धरायला जातो आणि घात होतो, हे ते मला कितीतरी वेळा समजावून सांगत. त्यांच्या नोकरीत त्यांनी असे दोन अपघात बघितले होते.

काच उजव्या बाजूच्या बिजागऱ्यांवर खाली आली. मी डावीकडून वाकून दोन्ही तळव्यांनी दाबली. त्यांनी दांडा ओढला. काचेतून मला लाल रेघ स्वच्छ दिसत होती. दांडा तिच्या अलीकडे थांबला. नखभर, कालच्याइतकाच. मी काच आणखी दाबली, कडेकडेने हात फिरवला, पुन्हा दाबली. त्यांनी पुन्हा ओढला. तिथेच.

दाजींनी काच बोटभर उघडली. इंजिन अजून सुरू केलेलं नव्हतं, सगळं ऐकू येत होतं.

"काय म्हणतोस, जोती?"

मागे माणसं उभी होती. कुणीतरी शिट्टी मारली. आता मी थांबा म्हणालो असतो, तर का हे सांगावं लागलं असतं. कानस आणतो म्हणालो असतो, तर काल का आणली नाहीस हा प्रश्न होताच. आणि काल घासायची नव्हती तर आज दसरा व्हायच्या आत कशी चालते, हाही होता. मी खुंटीकडे बघितलं. आकडा निम्म्याहून जास्त चढलेला दिसत होता. चरकावर एवढ्यावर वीस वर्षं चाललं असतं.

"चालतंय," मी म्हणालो.

"चालतंय?"

"चालतंय की. कुठं जातंय ते."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. रागाने नाही, संशयानेही नाही. दुकानात फटीत पाती सारून झाल्यावर ते मापाकडे बघत तसं बघितलं. मग खिशातून वही काढली, गुडघ्यावर ठेवून दोन शब्द लिहिले आणि वही माझ्या हातात दिली. "ठेव शेडमध्ये." काच खाली घेतली. मी शेवटचा दाब दिला आणि बाजूला झालो.

विमान धावपट्टीच्या टोकाला गेलं, वळलं, आणि पळत आलं. माझ्यासमोरून जाताना चाकं जमिनीपासून सुटलेली होती. लोकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. मला आठवतं, मीही वाजवत होतो. बाभळीच्या शेंड्याइतकं वर गेलं असेल, तेव्हा काचेची डावी कड उचलली. एकदा आपटली, परत उचलली. आणि मग ती सगळीच उघडली आणि उन्हात चमकली.

दाजींचा हात वर गेलेला मी पाहिला. पांढरी बाही होती.

ती काच त्यांची तिसरी होती. पहिल्या दोन घडवताना तडकल्या. तिसरी आम्ही गंगावेशीतल्या एका पाववाल्याच्या भट्टीत तापवली होती, भट्टीचं दार काढून, चौघांनी ओली पोती हाताला गुंडाळून ती बाहेर काढली होती. साच्यावर ती अलगद बसली तेव्हा दाजी, एवढा कडक माणूस, खाली जमिनीवर बसून राहिले होते. चिठ्ठी लिहिणं निराळं. ती काच डोक्यावरून निघून जाताना हात खाली ठेवणं त्यांना जमलं नाही.

विमान डावीकडे कललं. उसाच्या फडावर गेलं आणि पलीकडे दिसेनासं झालं. आवाज फार मोठा झाला नाही. आम्ही उसातून पळत पोचलो, तेव्हा इंजिनाच्या गरम पत्र्यावर पानं करपत होती. दाजी पट्ट्यात तसेच होते. डावा हात अजून वरच होता. मी हाक मारली, दोनदा. मग पट्टा सोडवायचं काम मी केलं, कारण त्या बकलाचं कळत फक्त मला होतं. तेही मीच केलेलं होतं.

तेराव्यानंतर दिल्लीहून दोन साहेब आले. सभ्य माणसं होती. त्यांनी तुटलेली चौकट बघितली, आकडा हातात घेऊन फिरवला. मला विचारलं, खिट्टीत काही दोष आधी लक्षात आला होता का? मी म्हणालो, नाही साहेब. दाजींनी स्वतःच्या हाताने बंद केली होती. घाईत पुरती बसली नसेल. कामाची काही वही ठेवत होते का? मी म्हणालो, मला माहीत नाही.

वही माझ्या लेथखालच्या खणात होती, फडक्यात गुंडाळून.

पाच महिन्यांनी कागद आला. त्यात लिहिलं होतं, वैमानिकाने उड्डाणापूर्वी काच नीट बंद केली नाही. तीस वर्षांत दुसऱ्याच्या विमानाचा एक खिळा ज्याने न तपासता सोडला नाही, तो स्वतःच्या विमानाचं दार लावायला विसरला, असं त्याच्या नावावर कायमचं लागलं. आक्काने तो कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. "विसरले व्हय," एवढंच म्हणाली. पुढं कुणी विचारलं की तीही तेच सांगायची. विसरले. चार माणसांत, लग्नात, दवाखान्यात, एकोणीस वर्षं.

पूजा मात्र तिने सोडली नाही. दर खंडेनवमीला येते, हत्यारांना हळदकुंकू लावते. दाजींची हत्यारंही अजून त्याच पाटावर मांडते. पहिल्या वर्षी मी कानस मांडली नाही. ती कपाटाशी गेली, शोधून घेऊन आली आणि मधोमध ठेवली.

यंदा डॉक्टरने माझ्या छातीचा फोटो बघून मान हलवली. त्या हलवण्यात मला दाजी दिसले. मी ठरवलं, हे घेऊन जायचं नाही. खंडेनवमीला आक्का पूजा करून पायरीवर बसली होती. पासष्टी उलटली, गुडघे धरून बसते. मी खणातून वही काढली आणि तिच्या मांडीवर ठेवली.

"हे काय?"

"दाजींची वही. माझ्याकडंच हुती."

तिला अक्षर लागत नाही. मी शेवटचं पान काढून वाचलं. "नवमी. सकाळ. खिट्टी एक मिलीमीटर कमी. जोतीकडे." त्याच्याखाली, गुडघ्यावर लिहिल्याने वाकडं झालेलं, "दसरा. खिट्टी ठीक. जोती."

"ते विसरले नव्हते, आक्का. त्यांनी मला सांगितलं हुतं. मी घासली न्हाई. खंडेनवमी हाय म्हणालो. आन् त्याच दुपारी हीच कानस घेऊन मी कबुतराची कडी घासली."

आक्का पाटाकडे बघत होती. मला वाटलं, आता रडेल, नाहीतर उठून जाईल. दोन्ही मी सोसलं असतं.

"म्हाईत हाय मला," ती म्हणाली.

"काय?"

"कानशीचं. सांजेला दिवा लावाय आल्ते न्हवं मी? कुकू पुसल्यालं. खाचंत लोखंडाचा भुगा. फूल उलटं ठेवल्यालं. कुकू मीच लावल्यालं, मला कळणार न्हाई?"

"मग बोलली का न्हाईस?"

"घरला जाऊन ह्यास्नी बोलले की. म्हणलं, जोतीनं कानस उचलली, कुणाचं तरी काम केलं, तुमचं तेवढं ठेवलं. तर हसाय लागले. म्हणाले, गप. मीच त्याला चार माणसांत बोललोय, त्याचा राग हाय त्यो. सकाळपतोर उतरतोय. बघ, उद्या पिशवीत कानस घिऊन येतोय का न्हाई."

मी पायरीवर तिच्या शेजारी बसलो. अंगणात कबुतरं घुमत होती. आता ती कबुतरं निराळी, खुराडं तेच.

आक्काने वही मिटली. पदराने वरची धूळ पुसली आणि ती पाटावर नेऊन दाजींच्या हत्यारांशेजारी ठेवली. चिमूटभर कुंकू घेतलं, वहीला लावलं.

"आन् सकाळी तू आलास पिशवी घिऊन," ती माझ्याकडे पाठ करूनच म्हणाली. "मी दोरीपलीकडं हुते. लांबनं मला दिसलं, तू वाकून त्या काचंपाशी हात फिरवत हुतास. लई वेळ. शेजारची म्हणाली, काय करतोय गं तुझा भाऊ. म्हणलं, घासतोय."